जांभळीचा फेस

श्रावणातला मंगळवार होता आणि टेपाच्या वाडीत दोनशे माणसं मळके कपडे घेऊन देवीची वाट बघत उभी होती.

चेष्टा करत नाही. खरोखरच प्रत्येकाच्या हातात नाहीतर डोक्यावर गाठोडं होतं. कुणाच्या गाठोड्यात वाकळा, कुणाच्या पोरांचे शाळेचे गणवेश. एका बाईच्या पाटीत नवऱ्याची ग्रीसनं माखलेली पँट होती. तो कशेडीच्या उतारावर ट्रकांची पंक्चरं काढायचा. पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे जाताना एक कच्चा रस्ता डोंगरात चढतो आणि या वाडीत संपतो. पस्तीसेक घरं. त्यातल्या निम्म्या घरांतले पुरुष मुंबईत. वाडीच्या टोकाला एक जुनी जांभळ. पुरुषभर उंचीवर तिचं खोड दोन फांद्यांत फाटलेलं आणि त्या बेचक्यात खोल ढोली. सगळ्यांचे डोळे त्या ढोलीवर लागलेले.

घाटाकडून सर आली. छत्री कुणी उघडली नाही. फांद्यांवरून पाणी ढोलीत उतरलं, ढोली भरली, आणि मग खोडावरून पांढराशुभ्र फेस ओघळायला लागला. आधी बोटभर, मग हातभर. बुंध्याशी फेसाचा ढीग साचला.

"आली गो आली! निर्मळाई आली!"

बायका लोटांगण घालायला लागल्या. कुणी फेस कपाळाला लावला, कुणी पोराच्या खरजेवर चोळला. बाकीच्यांनी गाठोडी सोडली आणि बादल्या घेऊन रांगेत घुसले. देवीचं दर्शन आणि आठवड्याची धुणी एकाच वेळी उरकण्याची सोय मी तरी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

झाडाखाली पाटावर बसला होता चंदू. वाडीतलाच. मुंबईत घरोघर फिरून पाणी गाळायची यंत्रं विकायचा. ते जमेना तेव्हा गावी आला, दाढी वाढवली, पांढरी लुंगी नेसला आणि ज्येष्ठ सरता सरता त्याला स्वप्नात निर्मळाई दिसली. आता तो चंदूमहाराज होता. तोंड मात्र विक्रेत्याचंच राहिलं होतं.

"बायांनो, कलियुग कशाला म्हणतात? कली म्हंजेच केमिकल! तुमच्या हातांना भेगा पडल्या त्या कशानं?"

"केमिकलनं!"

"व्हाळातलं खेकडं मेलं ते कशानं?"

"केमिकलनं!"

"आन् ही माता? हंड्रेड परसेंट नॅचरल! नो साइड इफेक्ट! कापडाचा डाग, कातडीचा डाग, नशिबाचा डाग. थ्री इन वन!"

यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी, की त्याचा पहिला अर्धा भाग खरा होता. वाडीतल्या बायका सुटी, किलोवर मिळणारी स्वस्तातली कपड्यांची पावडर वापरायच्या. तिनं त्यांच्या बोटांची सालं जायची. धुण्याचं पाणी व्हाळात आणि व्हाळाचं पाणी खालच्या विहिरीत जायचं. या बायकांना पावडरीला दुसरं काहीतरी हवंच होतं. चंदूनं त्यांची गरज बरोबर ओळखली आणि त्या गरजेवर पाट मांडून बसला.

मग त्यानं परीक्षा दाखवली. दोन पांढरे पंचे. दोन्हींवर काळे डाग. एक बाजारच्या पावडरीत बुडवला, चोळला, पिळला, डाग तसाच. दुसरा फेसात बुडवला, डाग गायब. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही पुढे होऊन नीट बघितलं आणि मला काही उलगडा झाला नाही, हे कबूल करते.

मी प्रियदर्शिनी. पोलादपुरात एका धर्मादाय दवाखान्यात बावीस वर्षं डोळे तपासते. डॉक्टर नाही, डॉक्टरांच्या आधी पेशंट माझ्यापुढे बसतो. धुणं धुवायला मी त्या दिवशी वर गेले नव्हते. आदल्या दिवशी याच वाडीतले हैबतीबाबा दवाखान्यात आले होते. वय सत्तरीपुढचं, वैशाखात मोतीबिंदू काढलेला. डोळा लालबुंद, पाणी थांबत नव्हतं. आम्ही डोळ्यात पिवळ्या रंगाचा थेंब टाकतो आणि निळ्या उजेडात बघतो. बुबुळावरची साल जिथे निघाली असेल तिथे हिरवं चमकतं. हैबतीबाबांचं अख्खं बुबुळ हिरवं चमकलं.

"बाबा, काय घातलंत डोळ्यात?"

"काय नाय. तीर्थ."

त्याच्या आदल्या शनिवारी त्याच वाडीतली एक बाई अगदी तसाच डोळा घेऊन आली होती. तिचंही उत्तर तेच, तीर्थ. म्हणून मी वर गेले.

फेस हातात घेऊन वास घेतला. आंबूस, मातकट, कुठेतरी ओळखीचा. एकदम नाव आठवेना. मी चंदूला विचारलं, "हे डोळ्यात घालायला तुम्हीच सांगता का?"

चंदूनं माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. मग गर्दीकडे वळून म्हणाला, "बघा रे, डोळ्याची बाई आली! बाई, तुमच्या नाकावर काय हाय?"

"चष्मा."

"जिला सोताचं डोळं बरं करता येत नाय, ती दुसऱ्याचं काय करनार?"

दोनशे माणसं हसली. हैबतीबाबाही हसले, डोळ्यावर फडकं धरून.

आणि मग सलोनीला आणलं.

सलोनी नऊ वर्षांची. आषाढात तिच्या शाळेत मी डोळे तपासले होते. तिला फळ्यावरचं दिसत नव्हतं, म्हणून गुरुजी तिला मठ्ठ समजत होते. तिला आजार काहीच नव्हता. दोन नंबरचा चष्मा हवा होता, बस. दवाखान्यानं तो फुकट करून ठेवला होता. महिना झाला तरी न्यायला कुणी आलं नव्हतं. तिची आजी रंगूबाई हिचं म्हणणं होतं की चष्मेवाली पोर उद्या उजवायची कशी? चंदूनं अकरा दिवसांत चष्मा घालवून देतो म्हणून सांगितलं होतं. तो मंगळवार आठवा दिवस होता.

पोरगी चालत आली नाही, तिला ओढत आणली. चार बायकांनी तिचे हातपाय दाबून धरले. चंदूनं आंब्याच्या पानाचा द्रोण केला, त्यात ढोलीतलं दाट पाणी घेतलं, बोटांनी तिच्या पापण्या फाकल्या आणि ओतलं.

बावीस वर्षांत मी पुष्कळ पोरं रडताना ऐकली आहेत. हे रडणं नव्हतं. आवाज वर चढत गेला आणि मध्येच श्वास संपून तुटला, मग पुन्हा चढला.

"सोडा तिला!" म्हणत मी आत घुसले. रंगूबाईनं मला छातीवर हात लावून मागे ढकललं. "पाप निगतंय तिचं! मधी येऊ नको गो बाय, तुला लागंल!"

"पाप नाही आजी, बुबुळाची साल निघतेय!"

"ए, हिला भायेर काढा रे!"

मला बाहेर काढलं. धक्के मारून नाही, दंडाला धरून, जसं दारुड्याला लग्नाच्या मांडवाबाहेर नेतात तसं. वीस पावलांवर उभी राहून मी तीन फोन केले. पहिला पोलिसांना, त्यांनी लेखी तक्रार द्यायला सांगितली, ती मी संध्याकाळी दिली. दुसरा आमच्या डॉक्टरांना. ते म्हणाले, कसंही करून पोरीला खाली आणा. तिसरा सलोनीच्या बापाला, किशोरला. तो मुंबईत कुरिअरच्या गाडीवर होता.

"मॅडम, आई बोलली गुण येतोय म्हणून."

"गुण नाही, डोळा जाईल तिचा. तुम्ही आईला फोन करा आणि थांबवा."

"ॲक्च्युअली मॅडम, तीनच दिवस राहिलेत ना आता. अर्धवट सोडलं तर उलटतं बोलतात. कंप्लीट होऊ दे, मग मी बघतो." मागे हॉर्न वाजत होते. फोन बंद झाला.

सलोनीची आई सारिका पाणवठ्याच्या वाटेवर भेटली. डोक्यावर धुतलेल्या कपड्यांची पाटी. मी तिला हात जोडले. ती मान खाली घालून म्हणाली, "बाई, माझ्या हातात काय हाय? सासू बोलंल तसं."

परत फिरताना पाय घसरला आणि चपलेचा अंगठा तुटला, म्हणून वाटेतल्या पहिल्या घराच्या ओट्यावर टेकले. ओट्याच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या वीस-पंचवीस बाटल्या रांगेनं ठेवलेल्या, धूळ बसलेल्या. आत तपकिरी पाणी. घरातून एक बाई सुतळी घेऊन बाहेर आली. वैशाली. वाडीतल्या बचत गटाची अध्यक्ष.

"हे काय आहे बाटल्यांत?"

"रिठा," ती म्हणाली. "कापडं धुवायचा."

तेव्हा मला त्या वासाचं नाव मिळालं.

वैशालीची गोष्ट दोन वाक्यांत सांगण्यासारखी आहे आणि ती ऐकून मला हसावं की ओरडावं कळेना. दोन वर्षांपूर्वी ती महाडला जाऊन रिठ्यापासून कपडे धुण्याचं पाणी करायला शिकली होती, कारण बायकांच्या हातांच्या भेगा तिलाही दिसत होत्या. आणि वाडीत एकीनंही तिची बाटली घेतली नव्हती. टरफलं भिजवायची, उकळायची, गाळायची. ती घरोघर गेली. बायका म्हणाल्या, याला वास येतो. याचा रंग गटारासारखा. याला पावडरीएवढा फेस नाय. झाडाखालच्या बिया, त्याचं काय पैसं मागतेस?

"मी कुणाला खोटं नाय सांगितलं," वैशाली म्हणाली. "बोलले, गरम पाणी लागतं, पांढरी कापडं पावडरीसारखी चमकणार नायत, चार दिसांत आंबतं. पण हात सोलत नायत आणि व्हाळ खराब होत नाय. तर हसल्या. आता बघा, रांगा लावतात!"

"तुला माहीत होतं तो रिठा आहे ते?"

"वाटत होतं. पण बोलनार कशी? बोलतील, हिचा माल खपला नाय म्हणून जळते."

"आणि ते दोन पंचे?"

"तुमाला पण नाय कळलं?" तिला माझी कीव आली. "फेसातला डाग काजळीचा. पावडरीतला केळीच्या चिकाचा. चीक लागला की तो पावडरीनं जात नाय, रिठ्यानं पण जात नाय. कुठल्याच देवानं जात नाय."

मग तिला एक गोष्ट आठवली. ज्येष्ठात महाडहून एक माणूस टेम्पो घेऊन आला होता. फोडलेल्या रिठ्याच्या टरफलांची दोन पोती एकदम घेऊन गेला. बचत गटाचं तेवढं एकच मोठं गिऱ्हाईक. त्या दिवशी वैशालीनं घरात शिरा केला होता.

गुरुवारी दुपारी सगळी वाडी नाचणीच्या बेणणीला, तण काढायला, गेली तेव्हा आम्ही दोघी जांभळीखाली गेलो. वैशालीनं पदर खोचला आणि वर चढली. ढोलीत खांद्यापर्यंत हात घातला. बाहेर निघाली कांद्याची जाळीदार पिशवी, रिठ्याच्या टरफलांनी गच्च भरलेली, काळी, बुळबुळीत, वर बुरशीची पांढरी साय. तोंड बांधलं होतं हिरव्या फुलांच्या चिंधीनं. वैशाली तिच्या पोत्यांची तोंडं तिच्या जुन्या लुगड्याच्या अशाच चिंध्यांनी बांधायची.

ती वरच बसून राहिली. "बाई, ही माझीच गो."

"तू कपडे धुवायला दिलीस."

"हो. पण माझीच."

इथे मला माझी चूक सांगितली पाहिजे, ती लपवून ही गोष्ट लिहिण्यात अर्थ नाही. पिशवी घेऊन त्याच क्षणी रंगूबाईच्या शेतावर जायला हवं होतं. पण मी म्हटलं, उद्या शुक्रवार, गर्दी असेल, सगळ्यांसमोर दाखवू. दोन-चार माणसांना दाखवलं तर चंदू रातोरात दुसरी गोष्ट रचेल. पिशवी आम्ही परत ढोलीत ठेवली. मला मोठा पुरावा हवा होता, आणि सभा हवी होती. बुधवारी दवाखान्याची जीप घेऊन मी एकदा सलोनीच्या घरी जाऊन आले होते. रंगूबाईनं दार लावून घेतलं, म्हणून आपलं कर्तव्य झालं असं मी मनाला समजावलं. नंतर मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की त्या डोळ्यासाठी ते दोन-तीन दिवसच महत्त्वाचे होते.

शुक्रवारी आभाळ कोरडं होतं. गर्दी मात्र दुप्पट, महाबळेश्वरकडूनसुद्धा एक गाडी आलेली. चंदू पाटावर बसला होता आणि देवी आज रुसली आहे, कारण वाडीत कुणीतरी नास्तिक शिरलं आहे, असं सांगत होता. वैशाली बादली घेऊन सरळ झाडावर चढली. कुणाला काय चाललंय ते कळायच्या आत तिनं पिशवी बाहेर ओढली, वर धरली आणि तिच्यावर बादलीभर पाणी ओतलं. खाली घमेल्यात फेस पडला. खळाळून, शुभ्र, निर्मळाईसारखाच.

"रिठा हाय! बघा! हा चंदू रिठा भरतो ढोलीत!"

सगळ्यांच्या माना पिशवीकडे वळल्या. मी मूर्खासारखी वाट बघत राहिले, की आता लोकांचे डोळे उघडतील.

चंदू उठला. विक्रेत्याला गिऱ्हाईक हातचं जाताना दिसलं की त्याची जीभ जास्तच चालते. "ती चिंधी बघा," तो शांतपणे म्हणाला. "कुणाच्या लुगड्याची हाय ती? वाडीतल्या बायांनी वळखावी."

बायकांनी ओळखली. चेष्टा करायला का होईना, वैशालीच्या ओट्यावरची ती पोती सगळ्यांनी बघितली होती.

"मातेच्या पोटात हिनं हा विटाळ घातला! हिचा माल खपत नाय म्हणून! आज माता का रुसली ते कळलं?"

वैशालीची चुलत सासू बयाबाई पुढे आली आणि तिनं तिला झाडावरून खाली ओढलं. थोबाडीत मारली. दुसरीनं केस धरले. तिसरीनं घमेल्यातला फेस तिच्या तोंडावर फासला. त्यांच्या दृष्टीनं तो फेस एकाच वेळी पवित्रही होता आणि विटाळलेलाही. मारताना असा हिशेब कुणी बघत नाही. मी मध्ये पडले तेव्हा माझा चष्मा पायाखाली गेला.

त्या गोंधळात हैबतीबाबा काठी टेकत पुढे आले.

"थांबा रे! मारू नका. महाराज, आपन असं करू. ही बोलते तीर्थ खोटं. तुमी तिच्यासमोर तुमच्या डोळ्यात घाला. मंग आमी हिला वाडीभायेर काढतो."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. म्हातारा अगदी मनापासून बोलत होता. त्याचा एक डोळा फडक्याखाली सडत होता आणि तरी त्याचा चंदूवर विश्वास होता.

"घाला महाराज," रंगूबाई म्हणाली. "दाखवा हिला."

"माझं डोळं शुद्धच हायत," चंदू म्हणाला. "शुद्धाला काय शुद्ध करनार?"

"मंग तर भ्यायचं कामच नाय!"

"आज वार बरोबर नाय—"

"शुक्रवार तर हाय!"

चंदू मागे सरकायला लागला. आणि लोक, हात जोडून, जयजयकार करत, त्याच्याभोवती गोळा झाले. शंका फक्त आम्हा दोघींना होती, आणि आमची शंका त्याचं काहीच वाकडं करू शकली नव्हती. त्याला पकडलं ते श्रद्धेनं. त्याच बायकांनी त्याचे हातपाय धरले, तितक्याच प्रेमानं. रंगूबाईनं पानाचा द्रोण केला, पिशवी पिळून दाट काढा घेतला, त्याच्या पापण्या फाकल्या आणि ओतला.

चंदू किंचाळला.

"सोसा महाराज, सोसा!" बायका म्हणाल्या. "माता काम करते!"

"सोडा! पाणी! साधं पाणी आणा! अगो रिठा हाय तो, रिठा! माझं डोळं जातील! पाणी आणा!"

"तीर्थ हाय ना महाराज?" हैबतीबाबांनी विचारलं.

"कसलं तीर्थ रे भिकाऱ्या! पाणी दे!"

तेव्हा हात सुटले. एकेक करून. चंदू चिखलात गडबडा लोळत होता आणि चारशे माणसं त्याच्याकडे बघत उभी होती. पाणी द्यायला कुणी हललं नाही. खोटं कशाला सांगू, मीसुद्धा थोडा वेळ हलले नाही. मला ते बघायला बरं वाटत होतं. मग मी माझ्या खांद्यावरच्या पिशवीतून डोळे धुवायच्या पाण्याची बाटली काढली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि ती संपेपर्यंत त्याचे डोळे धुतले.

यात चमत्कार म्हणून काही नव्हतंच. रिठ्याच्या टरफलात साबणासारखं द्रव्य असतं. पाण्यात कालवलं की फेस येतो, आणि तो कपड्यावरचा तेलकट मळ सोडवतो. ढोलीत टरफलं भरली आणि वरून पाऊस पडला की कोणतंही झाड फेसाळणार. त्याला देवी लागत नाही, एक कांद्याची पिशवी पुरते. पण जे द्रव्य मळ सोडवतं तेच डोळ्यात गेलं की बुबुळावरची नाजूक साल सोलतं. एकदा गेलं आणि लगेच धुतलं तर भरून येतं. रोज घातलं तर भरून यायला वेळच मिळत नाही. त्यात ढोलीतलं कुजकं पाणी आणि बुरशी. सोललेल्या बुबुळावर बुरशी रुजते, ओल्या भाकरीवर रुजते तशीच. आणि झाडातून निघालेलं, नैसर्गिक, म्हणून ते निरुपद्रवी असं काही नसतं. बिब्बासुद्धा नैसर्गिकच आहे.

सलोनी त्या गर्दीत नव्हती. तिचा डोळाच उघडत नव्हता म्हणून तिला घरी निजवलं होतं. मी आत गेले. अंधाऱ्या खोलीत ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी पापणी उचलली. उजव्या बुबुळाच्या मधोमध शिजलेल्या भाताच्या शितासारखा पांढरा ठिपका होता.

महाडला नेलं, तिथून त्याच दिवशी मुंबईला. दोन महिने. बुरशीवरची औषधं तासातासाला. किशोर दवाखान्याच्या जिन्यात बसून असायचा आणि भेटेल त्याला सांगायचा की मला मॅडमनी फोन केला होता. डावा डोळा वाचला. उजवा गेला. हैबतीबाबांचा ऑपरेशन केलेला डोळाही गेला. आपण फसलो असं ते आजही म्हणत नाहीत. आपल्या नशिबात नव्हतं म्हणतात.

चंदूला त्याच संध्याकाळी पोलिसांनी जादूटोणाविरोधी कायद्याखाली पकडलं. तो आता जामिनावर आहे, खटला चालू आहे. त्याचे दोन्ही डोळे ठणठणीत आहेत. वेळेवर धुतले ना.

वाडी शहाणपण शिकली ती अशी: दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडी घेऊन गेले आणि जांभळ तोडली. वैशालीची माफी कुणी मागितली नाही. तिचं रिठ्याचं पाणी तर आता फुकटही कुणी घेत नाही. म्हणतात, त्यानं डोळं जातात. बायका परत पावडरीकडे वळल्या आहेत, बोटांच्या भेगांसकट. वैशाली मात्र स्वतःच्या घरचे कपडे रिठ्यातच धुते. बाटल्यांवर तिनं एक कागद चिकटवला आहे: 'फक्त कपड्यांसाठी. डोळ्यात गेल्यास साध्या पाण्यानं धुवा.' एवढी सरळ सूचना त्या वाडीत त्याआधी कुणी कुणाला दिली नव्हती.

मार्गशीर्षात सारिका सलोनीला घेऊन तपासणीला आली. पोर बाहेर बाकावर बसली होती. मी सारिकेला धीर द्यायला म्हणून म्हटलं, "तू तरी काय करणार होतीस? सासूनं ऐकलं नाही."

तिनं दाराबाहेर बाकाकडे बघितलं. मग म्हणाली, "बाई, त्या चौघी होत्या ना पोरीला धरायला. दिवस बदलला की बाया बदलायच्या. पयल्या दिवशी डावा हात मी धरला होता. ती मला बोलत होती, आये सोड. मी बोलले, थांब, बरं होतंय."

हे तुम्हाला सांगते, कारण तुमच्या गावात नाहीतर शेजारच्या गावात आज ना उद्या कुणीतरी पाट मांडून बसेलच. तो देवाचं नाव घेईल, नाहीतर निसर्गाचं घेईल, अर्धं खरंही बोलेल. तो जे देतो त्यात काय आहे ते विचारा. ते दुसऱ्या कुणी तपासलं का ते विचारा. आधी स्वतःवर करून दाखव म्हणा. उत्तर देताना तो चिडला तर तेच उत्तर समजा. पण एवढं सगळं विचारायला नंतर वेळ मिळेल. पोर ओरडत असेल तर आधी तिचा हात सोडा.